हात आधी, ठोका मागून : असं का होतं?

प्रश्न : जानेवारी 2025मध्ये मुलीच्या हट्टाखातर मी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘कोल्डप्ले’च्या कार्यक्रमाला गेलो. या बँडची गाणी आम्ही दोघं बरीच वर्षं एकत्र ऐकतो. त्याआधी माझ्या कॉलेजच्या दिवसांत मी ‘क्वीन’चा भक्त होतो. आमच्या जागा मंचापासून पार दुसऱ्या टोकाला, वरच्या मजल्यावर होत्या. मोठ्या पडद्यावर ड्रमवाल्याचा हात खाली यायचा आणि ठोका मात्र जरा वेळाने कानावर पडायचा. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “अहो, सगळं टेपवर आहे. हे नुसते हातवारे करतात.” मुलगी चिडली, पण त्यांना काय सांगावं ते मलाही सुचलं नाही. कलावंतांच्या कानांत बोंडं कशासाठी असतात? असे कार्यक्रम रात्री दहाच्या आतच का आटोपतात? आणि मुख्य शंका ही की, घरबसल्या इतका स्वच्छ आवाज मिळत असताना हजारो रुपये मोजून त्या गर्दीत जाण्यात खरंच काही अर्थ आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या शंका वरवर वेगवेगळ्या दिसल्या तरी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पहिलीची गाठ सुटली की पुढच्या आपोआप सैल होतात, म्हणून त्याच क्रमाने जाऊ. शेजारच्या गृहस्थांचं निरीक्षण अचूक होतं, निष्कर्ष तेवढा चुकला. हात आणि ठोका यांच्यात फट पडते ती टेपमुळे नव्हे, हवेमुळे.

ठोका उशिरा का येतो?

प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे ड्रमवाल्याचा हात तुम्हाला आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला एकाच क्षणी दिसतो. आवाजाची चाल मात्र फार धिमी. 25 अंश तापमानाच्या हवेत तो सेकंदाला साधारण 346 मीटर जातो. दूरच्या शेतात कुणी लाकूड फोडत असेल, तर कुऱ्हाड आधी पडलेली दिसते आणि घाव मागून ऐकू येतो, तसाच हा प्रकार. मंचापासून 100 मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत ठोका पोचायला जवळजवळ 0.3 सेकंद लागतात. हा वेळ नगण्य वाटेल; पण डोळा आणि कान यांचा मेळ बसवण्यात आपला मेंदू फार काटेकोर आहे. सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहून थोडी जास्त फट पडली की त्याला खटकू लागतं.

आता टेपच्या संशयाकडे पाहू. क्षणभर धरून चालू की खरोखरच टेप लावली होती. तिचा आवाजही त्याच स्पीकरमधून निघाला असता, तीच हवा कापत आला असता आणि तितकाच उशिरा पोचला असता. म्हणजे उशीर झाला म्हणून टेप होती असंही म्हणता येत नाही आणि नव्हती असंही म्हणता येत नाही. उशिरावरून फक्त तुम्ही किती लांब बसला होता एवढंच कळतं.

यात आणखी एक मेख आहे. पडद्यावरचं चित्रही अगदी ताजं नसतं. कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य यंत्रांतून फिरून, कापून-जोडून पडद्यावर उमटेपर्यंत सेकंदाचा लहानसा अंश खर्ची पडतो. त्यामुळे अगदी पुढे उभ्या असलेल्यांना नेमका उलटा अनुभव येतो. त्यांना ठोका आधी ऐकू येतो आणि पडद्यावरचा हात मागून पडतो. मध्ये कुठेतरी असा एक पट्टा असतो, जिथे चित्राचा उशीर आणि आवाजाचा उशीर सारखे होतात. तिथे बसलेल्यांना यातलं काहीच जाणवत नाही.

मग मागेही स्पीकर का लावत नाहीत?

लावतात. मैदानाच्या मध्यावर किंवा मागच्या भागात उंच मनोरे उभारून त्यांवर जादा स्पीकर टांगलेले असतात. पण तारेतून विजेचा संकेत जवळजवळ तत्काळ जातो. म्हणून या मनोऱ्यांना संकेत थेट दिला, तर त्यांचा आवाज मागच्या लोकांना आधी ऐकू येईल आणि मंचावरून येणारा आवाज मागून येऊन त्यावर आदळेल. प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येऊन सगळा गोंधळ होईल. यावर उपाय असा की, मनोऱ्याकडे जाणारा संकेत मुद्दाम रोखून धरायचा. मनोरा मंचापासून 70 मीटरवर असेल, तर सुमारे 0.2 सेकंद. मंचावरचा आवाज हवेतून तिथे पोचतो, नेमका त्याच वेळी मनोराही बोलू लागतो. 1973 साली अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेन इथे सुमारे सहा लाख लोकांसमोर कार्यक्रम झाला, तेव्हा अशा मनोऱ्यांसाठी डिजिटल विलंबयंत्रं वापरली गेली होती. आज ते काम संगणक करतो.

त्यातही एक बारकावा आहे, आणि तो ठाऊक असला की साउंड इंजिनिअरचं काम किती नाजूक आहे ते कळतं. एकच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला, तर आपला कान ते दोन आवाज वेगळे धरत नाही. तो त्यांचा एकच आवाज करतो, आणि जो आधी आला त्याच्या दिशेने तो आला असं मानतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने 1949मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून हा परिणाम त्याच्या नावाने ओळखला जातो. या गुणाचा फायदा घेऊन इंजिनिअर मनोऱ्याला हिशेबापेक्षा आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद उशीर देतो. मग आवाजाचं बळ मिळतं शेजारच्या मनोऱ्यातून, पण गायक गातो आहे तो समोर मंचावरच, असं वाटत राहतं.

मंचाच्या दोन्ही बाजूंना उभ्या ओळीत टांगलेले, खाली आत वळलेले स्पीकर तुम्ही पाहिले असतील. तो आकारही सजावटीसाठी नसतो. बरेच स्पीकर एका उभ्या रांगेत काटेकोर जुळवून लावले, की त्यांचा आवाज वर-खाली फारसा न फाकता पुढे जातो. एकाच पेटीतून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की सुमारे 6 डेसिबलने उतरतो. अशा रांगेचा आवाज मात्र बऱ्याच अंतरापर्यंत प्रत्येक दुपटीला सुमारे 3 डेसिबलनेच उतरतो. रांगेतल्या वरच्या सरळ पेट्या लांबच्या श्रोत्यांसाठी असतात, खालच्या वळलेल्या पेट्या पायथ्याशी उभ्या असलेल्यांसाठी. क्रिस्तियाँ हाइल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला या पद्धतीला आजचं रूप दिलं.

इतकं सगळं करूनही उशीर नाहीसा होत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. हवेला घाई करायला लावणं कुणाच्या हातात नाही. सगळ्या स्पीकरांचे आवाज तुमच्यापर्यंत एकाच वेळी पोचवणं, एवढंच इंजिनिअरच्या हाती असतं. त्यामुळे शेवटच्या रांगेतही शब्द स्वच्छ कळतात, पण पडद्यावरच्या हाताच्या मागूनच.

कानांतली बोंडं कशासाठी?

याचं उत्तर समजायला साठ वर्षं मागे जावं लागेल. 15 ऑगस्ट 1965 रोजी ‘बीटल्स’ न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये 55 हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर गायले. त्यांच्यासाठी 100 वॅटचे खास अँप्लिफायर बनवले होते. आज मध्यम आकाराच्या हॉललाही ते पुरणार नाहीत. गाणं लोकांपर्यंत पोचवायला स्टेडियममधले उद्घोषणेचे लाउडस्पीकरही जोडले होते. किंकाळ्या इतक्या होत्या की चौघांना स्वतःचा आवाजही ऐकू येईना. गाणं कुठवर आलंय ते पुढच्या तिघांच्या अंगाच्या हालचाली बघून ओळखावं लागे, असं ड्रमवादक रिंगो स्टारने नंतर सांगितलं आहे. पुढच्याच वर्षी, 29 ऑगस्ट 1966 रोजी, सान फ्रान्सिस्कोमध्ये त्यांनी शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम केला आणि दौरे कायमचे थांबवले. त्या निर्णयामागे कारणं बरीच होती. स्वतःचं वाजवणं स्वतःलाच ऐकू न येणं हे त्यातलं मोठं कारण.

पुढे कलावंतांच्या पायाशी, त्यांच्याकडे तोंड केलेले तिरके स्पीकर ठेवण्याची रीत पडली. त्यांना मॉनिटर म्हणतात. त्याने ऐकू येऊ लागलं, पण नवं दुखणं उद्भवलं. स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन स्पीकरमधून येतो, परत माइकमध्ये शिरतो आणि शेवटी कान किटवणारी शिट्टी बसते. लग्नाच्या हॉलमध्ये ती आपण सगळ्यांनी ऐकली आहे.

अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ या बँडने 1974मध्ये यावर एक धाडसी तोडगा काढला. त्यांनी शेकडो स्पीकरांची भिंतच आपल्या पाठीमागे रचली, म्हणजे प्रेक्षकांना ऐकू येईल तेच त्यांनाही ऐकू यावं. शिट्टी बसू नये म्हणून प्रत्येक गायकाला दोन माइक दिले आणि ते एकमेकांच्या उलट जोडले. भिंतीकडून येणारा आवाज दोन्हींत सारखाच शिरायचा आणि परस्परांना खोडून काढायचा. गायक त्यांतल्या एकाच माइकला तोंड लावून गायचा, म्हणून त्याचा आवाज तेवढा शिल्लक राहायचा. युक्ती उत्तम होती, पण ती भिंत सुमारे 75 टनांची होती. गावोगावी ती उभारणं आणि उतरवणं परवडेना. वर्ष संपण्याआधीच ती मोडीत निघाली.

आजची कानातली बोंडं हे त्या शोधाचं हलकं उत्तर आहे. जेरी हार्वी या साउंड इंजिनिअरने 1995च्या सुमारास ‘व्हॅन हेलन’च्या ड्रमवादकासाठी कानाच्या साच्याबरहुकूम असा जोड बनवला आणि तिथून त्यांचा प्रसार झाला. बोंड कानात घट्ट बसतं, बाहेरचा कल्लोळ रोखतं आणि कलावंताला हवं तेवढंच ऐकवतं. गायकाला स्वतःचा आवाज जास्त हवा असतो, गिटारवाल्याला ड्रम जास्त हवा असतो. प्रत्येकाच्या कानात वेगळं मिश्रण जातं.

कोल्डप्लेच्या बाबतीत त्यांची गरज अधिकच. कार्यक्रमाच्या एका टप्प्यावर चौघंही मुख्य मंच सोडून गर्दीच्या मागच्या बाजूला एका लहानशा मंचावर येऊन गातात. तिथे त्यांना हवेतून आलेला स्वतःचाच आवाज पाव सेकंदाएवढा उशिरा ऐकू येणार. स्वतःचा आवाज साधारण तेवढ्या उशिराने कानावर पडला तर धड बोलणंही कठीण होतं, जीभ अडखळू लागते. मग ताल सांभाळून गाणं दूरच राहिलं. बोंडं असली की आवाज तारेने आणि रेडिओलहरींनी तत्काळ कानात येतो, हवेची लांब वाट टळते.

मग टेप अजिबात नसते का?

असते, आणि ती लपवण्यासारखी गोष्ट नाही. मात्र ती असते म्हणजे बाकी सगळे हातवारे, हा समज सोडून द्यायला हवा. कोल्डप्लेच्या ‘व्हिवा ला व्हिडा’ या गाण्याचा सगळा डोलारा तंतुवाद्यांवर उभा आहे, आणि चौघांच्या या बँडमध्ये व्हायोलिन वाजवणारं कुणी नाही. मंचावर वादक दिसत नाहीत आणि व्हायोलिनं मात्र वाजतात, तेव्हा तो भाग आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो. त्याच्याशी जुळवून घ्यायला ड्रमवादकाच्या कानात तालाची टिकटिक चालू असते. बाकी सगळे ड्रमच्या आधाराने चालतात. गायन, गिटार, ड्रम जिवंत, आणि जे चौघांच्या आठ हातांना शक्य नाही तेवढं मुद्रित, अशी ही वाटणी.

ही वाटणी आजची नव्हे. ‘द हू’ या ब्रिटिश बँडने 1971च्या सुमारास सिंथेसायझरच्या मुद्रित आवर्तनांवर प्रत्यक्ष वाजवायला सुरुवात केली. टेप आपला वेग बदलत नाही, तेव्हा माणसालाच तिच्या चालीने चालावं लागतं. म्हणून कीथ मून हा अतिशय दांडगाईने वाजवणारा ड्रमवादक त्या गाण्यांना हेडफोन चढवून बसे. ते उडून जाऊ नयेत म्हणून डोक्याला चिकटपट्टीने पक्के केलेले असत. चित्रीकरणात ते आजही पाहता येतं.

तुमच्या ‘क्वीन’ने तर याहून सरळ मार्ग पत्करला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या मधल्या ऑपेरासारख्या भागात फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी स्टुडिओत आपलेच आवाज थरावर थर चढवून मोठा समूह उभा केला होता. मंचावर ते होणं शक्य नव्हतं. म्हणून त्या भागाला चौघं सरळ आत निघून जात, दिव्यांच्या झगमगाटात मुद्रित आवाज वाजे, आणि नंतरचा दणदणीत भाग सुरू होताच ते परत येऊन वाजवायला लागत. जे स्वतः करता येत नाही ते केल्याचा आव त्यांनी आणला नाही. शेजारच्या गृहस्थांना हे उदाहरण जरूर सांगा.

रात्री दहाची घाई कशाला?

आपल्याकडचे ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. उघड्या जागेत रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर वाजवायला त्यांत मनाई आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, सण-उत्सवांच्या निमित्ताने, ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. रॉकसाठी काही वेगळा कायदा आहे असं नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर रंगायचा, त्यालाही याच नियमापुढे आपलं वेळापत्रक बदलावं लागलं. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात रॉकचे कित्येक कार्यक्रम झाले, पण शेजारी कॉलेज आणि रुग्णालय असल्यामुळे त्या खुल्या रंगमंचाचा आवाज पुढे याच नियमाने बंद झाला. शेजारच्या इमारतीत कुणी आजारी असेल, कुणाची सकाळी परीक्षा असेल. दहाला थांबणं रास्तच आहे.

आवाजाचाच विषय निघाला आहे, तर कानांबद्दल एक गोष्ट अगदी आग्रहाने सांगतो. डेसिबलचा हिशेब फसवा असतो. दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेत कामगारांसाठी जी शिफारस आहे तिच्याप्रमाणे 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास चालतो, आणि पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. या हिशेबाने 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं उरतात. कार्यक्रम तर दोन तासांचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2022मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली आणि प्रेक्षकांना कानात घालायचे बोळे मिळावेत असंही सांगितलं.

बोळे घातले तर गाण्याची मजा जाते, हा समज मात्र खोटा आहे. साध्या फोमचे बोळे वरचे सूर जास्त खातात, म्हणून आवाज दबका लागतो. संगीतासाठी बनवलेले बोळे सगळे सूर साधारण सारखेच उतरवतात. गाणं तेच राहतं, फक्त अंगावर येत नाही. कोल्डप्लेचा गायक ख्रिस मार्टिन याला तरुणपणी मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे कानांत सतत गुणगुण ऐकू येण्याचा त्रास जडला. तो स्वतः त्याबद्दल जाहीरपणे बोलतो. अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पुढच्या वेळी तुमच्या आणि मुलीच्या खिशात बोळे असू द्या. जागा निवडता आली, तर प्रेक्षकांमध्ये उभारलेल्या मिक्सरच्या माचाच्या आसपासची घ्या. इंजिनिअर तिथे बसून जे ऐकतो त्यावरूनच आवाज जुळवतो, म्हणून तिथला आवाज सर्वांत नेटका असतो.

घरी इतकं स्वच्छ ऐकू येत असताना जावं कशाला?

हा प्रश्न विचारताना आपण नकळत असं धरून चालतो की, ध्वनिमुद्रण हे अस्सल आणि मंचावर होते ती त्याची नक्कल. तसं असतं तर घरीच बसणं शहाणपणाचं ठरलं असतं, कारण नक्कल अस्सलाहून स्वच्छ कशी असणार? पण हे गृहीतच तपासायला हवं. त्यासाठी पुन्हा ‘क्वीन’कडेच जाऊ.

1977 साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये ‘क्वीन’चा कार्यक्रम झाला. कार्यक्रम संपला तरी लोक जागचे हलेनात. फुटबॉलच्या मैदानावर गायलं जाणारं एक गाणं त्यांनी आपणहून, एका सुरात बँडला गाऊन दाखवलं. त्या रात्रीने गिटारवादक ब्रायन मे विचारात पडला. एवढ्या दाटीत उभ्या असलेल्या माणसांना बँडबरोबर काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. त्यातून ‘वी विल रॉक यू’ जन्माला आलं. दोन वेळा पाय, एक टाळी, वर आवाज. बराच वेळ दुसरं वाद्यच नाही.

यानंतर आला ध्वनिमुद्रणाचा प्रश्न, आणि तो तुमच्या पहिल्या शंकेशी जोडलेला आहे. स्टुडिओत माणसं मूठभर, आणि भास हवा हजारोंचा. हजारोंच्या गर्दीत प्रत्येक टाळी वेगवेगळ्या अंतरावरून, म्हणून वेगवेगळ्या उशिराने येते. ब्रायन मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता. 2007मध्ये त्याने खगोलभौतिकीत डॉक्टरेटही मिळवली. त्याने पाय आपटल्याचे मुद्रित थर एकमेकांवर घालताना प्रत्येकाला निराळा उशीर दिला, आणि ते उशीर मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले. उशीर एकमेकांच्या पटीत असते, तर ते ठरावीक जागी जुळून प्रतिध्वनी ऐकू आला असता. मूळ संख्या अशा जुळत नाहीत. त्यामुळे प्रतिध्वनीऐवजी लांबवर पसरलेली माणसं ऐकू येतात. वरच्या मजल्यावर तुम्हाला जो उशीर खटकला, तोच आणण्यासाठी स्टुडिओत गणित मांडावं लागलं. इथे अस्सल होती ती गर्दी, नक्कल केली ती ध्वनिमुद्रणाने.

त्या गाण्याची चालही नीट पाहा. मिनिटाला सुमारे 80 ठोके, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये पाऊण सेकंद. एवढी सवड असली की मागच्या लोकांची टाळी 0.2 सेकंद उशिरा आली तरी ताल विस्कटत नाही. जलद गाण्याला हेच लोक टाळ्या देऊ लागले की मैदानभर टाळ्यांचा पाऊस नुसता विखरून पडतो. कोल्डप्लेच्या कार्यक्रमात हा फरक एकाच वेळी पाहायला मिळतो. सगळ्यांच्या मनगटावरच्या पट्ट्या दूरनियंत्रकाच्या इशाऱ्यावर, एकाच क्षणी रंग बदलतात, कारण तो इशारा प्रकाशाच्या वेगाने येतो. टाळ्या मात्र आवाजाच्या वेगाने, मागे-पुढे येत राहतात.

13 जुलै 1985 रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये ‘लाइव्ह एड’च्या कार्यक्रमात ‘क्वीन’ला जेमतेम वीस मिनिटं मिळाली होती. समोर सुमारे 72 हजार माणसं. फ्रेडी मर्क्युरीने एक तान घेतली आणि थांबला. मैदानाने ती परत केली. मग जरा अवघड तान, पुन्हा थांबा, पुन्हा मैदानाचं उत्तर. त्या थांब्यांमुळेच ती जुगलबंदी जमली. आवाजाला मैदान ओलांडून जायला आणि परत यायला त्याने सवड दिली. हाच फ्रेडी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथल्याच मुलांच्या ‘हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे महाराष्ट्रातल्या आपल्या वाचकांना आवर्जून सांगावंसं वाटतं.

घरच्या यंत्राला आणखी एक गोष्ट जमत नाही. 50 हर्ट्झच्या खर्ज सुराची एक लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. ती घुमवायला भरपूर हवा हलवावी लागते. कानातल्या इवल्याशा यंत्रातून तो सूर ऐकू येईल, पण छाती हलणार नाही. मैदानावरचे जमिनीवर ठेवलेले मोठे स्पीकर ती हवा हलवतात आणि बरगड्यांना ठोका कळतो. बहिरी माणसंही अशा कार्यक्रमांना आवडीने जातात, त्यामागे हे एक कारण आहे.

तेव्हा आपल्या मुख्य शंकेचं उत्तर असं : स्वच्छ आवाज हवा असेल, तर घर उत्तम. ध्वनिमुद्रण त्यासाठीच असतं आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण मंचावरचं गाणं त्या रात्रीच्या माणसांनी मिळून घडवायचं असतं, आणि त्यात प्रेक्षकही हिस्सेदार असतात. म्हणूनच ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ मध्येच थांबवून ख्रिस मार्टिन लोकांना फोन खिशात ठेवायला सांगतो आणि गाणं नव्याने सुरू करतो. हात मोकळे झाल्याशिवाय लोक गाण्यात उतरत नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. आवडत्या बँडची गाणी तुम्हा दोघांना पाठ असतीलच. पुढची संधी आली की जरूर जा, आणि आपला सूर बरा नाही या संकोचाने गप्प बसू नका. पन्नास हजार आवाजांच्या सरासरीत प्रत्येकाची चूक एकमेकांना खोडून काढते आणि सगळे मिळून सुरातच लागतात.